आत ओढलेला होकार

मंगळवारी दुपारी शिमेलिस सरांनी आपला फोन टेबलावर ठेवला आणि माझी मुलाखत मलाच ऐकवली. मुलाखत खोटी होती, सरावाची. सर परदेशी पाहुणा झाले होते आणि मी हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी होते, म्हणजे वर्गातल्या शेवटच्या डुगडुगत्या बाकापाशी. प्रश्न इंग्रजीत होते. हे रिसेप्शन का? आज खोली मिळेल का? गरम पाणी असतं का? प्रत्येक प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं होतं, मला पक्कं आठवत होतं. पण फोनमधून सरांचा प्रश्न यायचा, मग शेजारच्या वर्कशॉपमधल्या वेल्डिंगची चरचर यायची, आणि मग पुन्हा सरच. मधे मी नव्हतेच. "मोमिना, पाहुणा पेटी घेऊन उभा आहे आणि तू कुठं गेलीस?" सरांनी विचारलं. वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. सर म्हणाले, "हसू नका, तुम्हा सगळ्यांचं हेच होणार आहे. आपल्या देशात हो म्हणताना आपण काय करतो? भुवया उंचावून चटकन श्वास आत ओढतो. आई ओढते, दुकानदार ओढतो, कोर्टात साक्षीदारसुद्धा ओढतो. समोरच्याला कळतं, कारण तो आपला असतो. गुरुवारी खऱ्या परीक्षेला फोनवर बोलणारी बाई नैरोबीत बसलेली असेल. तिला तुझ्या भुवया दिसणार आहेत का? तिला वाटेल लाइन तुटली." माझी मैत्रीण त्सिगे मागून ओरडली, "नाहीतर वाटेल दम्याची पेशंट आहे, सर!" पुन्हा हशा. सरांनी रेकॉर्डिंग पुढं चालू ठेवलं. सातव्या की आठव्या रिकाम्या जागेपाशी माझं हसू तोंडातल्या तोंडात थिजलं. फोनमध्ये सर म्हणत होते, हॅलो? हॅलो? आणि मला तोयबा ऐकू आली.

तोयबा माझी धाकटी बहीण. जेद्दामध्ये असते, लोकांच्या घरात कामाला. कॉलेज सुटल्यावर मी मिनीबस न पकडता उतारावरून पायीच निघाले, कारण बसमध्ये कुणीतरी शेजारी बसलं असतं आणि बोललं असतं. मला बोलायचं नव्हतं. मला तो फोन पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा होता. दोन वर्षं आणि आठ महिने झाले त्याला. पावसाळा संपून आमचं नवीन वर्ष नुकतंच लागलं होतं, टेकडीवर सगळीकडे पिवळी फुलं होती आणि मी कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभी होते. तोयबानं मालकिणीच्या न्हाणीघरातून फोन केला होता. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिनं नळ सोडला होता. पाण्याच्या आवाजातून ती म्हणाली, "ताई, त्यांचा मोठा मुलगा आता दिवसभर घरीच असतो." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात झोपते ना. दाराला आतून कडी नाही." मला सगळं कळलं. कळायला काय लागतं? मग तिनं विचारलं, "ताई, मी परत येऊ का?" आणि मी लगेच हो म्हटलं. आपण म्हणतो तसं, श्वास आत ओढून. तिकडे जरा शांतता, मग "हॅलो? ताई? हॅलो?" मग "बरं," आणि फोन बंद. ती आली नाही. पुढं पाच महिने ती त्याच घरात राहिली. त्या पाच महिन्यांबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. मग तिनं घर बदललं, आता एका म्हातारीला सांभाळते. फोन करते तो ईदला. आईची चौकशी करते, माझी चौकशी करते, शेजाऱ्यांच्या गाईचीसुद्धा करते, आणि ठेवते. आणि मी शहाणी इतके दिवस आईला सांगत आले की मी ये म्हटलं होतं, तीच हट्टी आहे, तिला तिकडचं वारं लागलंय.

तर तिला ऐकूच गेलं नव्हतं. उताराच्या मध्यावर, टायरवाल्याच्या दुकानासमोर मी उभीच राहिले. एकोणीस वर्षांची पोर न्हाणीघरात फोन कानाला लावून विचारते, घरी येऊ का, आणि थोरली बहीण गप्प. नुसती गप्प. पाण्याचा आवाज आणि गप्प. हे तिच्या कानात दोन वर्षं आठ महिने वाजत असेल. पण खरं सांगायचं तर हे मनात येण्याआधी, अगदी क्षणभर आधी, मला आनंद झाला होता. लाज वाटावी असा आनंद. म्हणजे चूक माझी नव्हती. फोनची होती, नळाची होती, आमच्याकडच्या हो म्हणायच्या तऱ्हेची होती. हे तिला एकदा समजावून सांगितलं की झालं. वेळही नेमकी होती: महिनाअखेरीला तिचा करार संपत होता, आणि पुन्हा सही करायची की घरी यायचं हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारची गाय कशी आहे विचारणारी मुलगी स्वतःबद्दल काही सांगेल तर शपथ. मला वाटलं, तिला एवढं एक कळलं तर ती येईल. येईलच. टायरवाला म्हणाला, "काय ताई, हरवलंय का काही?" मी श्वास आत ओढला आणि स्वतःवरच चिडून पुढं निघाले.

घरी आई कॉफी भाजत होती. धूर घरभर झाला होता आणि तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, ते बरंच झालं. मी म्हटलं, "आई, तोयबानं परत येऊ का विचारलं होतं ना, तेव्हा तिला माझं ऐकू गेलं नसेल." आई कॉफीच्या बिया हलवत म्हणाली, "असं कसं? मी हो म्हटलेलं तर कोंबड्यांनापण कळतं." मी सांगितलं की फोनमध्ये श्वास जात नाही, सरांनी आज दाखवलं. आईनं भांडं चुलीवरून खाली उतरवलं. मग म्हणाली, "मग सांग तिला. आज सांग." पण आज सांगता येत नव्हतं. म्हातारी दुपारी झोपते तेवढाच वेळ तोयबाचा. आणि माझं गुरुवारपर्यंत दुसऱ्या कशात डोकं घालून चालणार नव्हतं. कोम्बोल्चाला नवं हॉटेल उघडत होतं, रिसेप्शनवर तीन जागा होत्या, आमच्या वर्गात आम्ही चौतीस. रिसेप्शनवरच्या बाईनं आधी फोन उचलायचा असतो, म्हणून परीक्षाही फोनवरच, हॉटेलवाल्यांच्या नैरोबीच्या ऑफिसातून. मी आईला म्हटलं, परीक्षा झाल्यावर सांगते, म्हणजे दोन्ही बातम्या एकदम सांगता येतील. आईनं माझ्याकडे पाहिलं. "तुझं आधी होऊ दे," ती म्हणाली. तिच्या मनात काही नसावं. पण ते वाक्य मला संध्याकाळभर बोचत राहिलं.

बुधवारी त्सिगेनं माझी तालीम घेतली. कॉलेजच्या सराव-स्वयंपाकघरामागं कांद्याच्या पोत्यांवर बसून ती प्रश्न विचारायची आणि मी यस म्हणायचे. हा शब्द तीन वर्षं मी वहीत लिहिला, फळ्यावर वाचला, पण तोंडातून बाहेर टाकायची वेळ आली की श्वास आधी आत धावायचा. त्सिगेनं माझं नाक धरलं. मग पोटावर हात ठेवला. "बाहेर ढकल! बाळंत होतेयस असं समज!" तिला सगळ्यातच मजा वाटते. तिचा मामा राजधानीत, अदिसला, बँकेत आहे, तिला कोम्बोल्चा नाही मिळालं तर दुसरं काही मिळेल. मी ढकलला. यस. यस. यस. दर वेळी आत तोच प्रश्न ऐकू येत होता, मी परत येऊ का, आणि दर वेळी मी मोठ्यानं, स्वच्छ, चोख यस म्हणत होते. त्सिगे खूश झाली. मला मात्र घाम फुटला होता. इतकं सोपं होतं तर! दाताच्या फटीतून थोडी हवा सोडायची, बस. मी तिला विचारलं, "त्सिगे, समज कुणी तुला काही महत्त्वाचं विचारलं, आणि तुझं हो त्यांना ऐकू गेलं नाही, तर तू पुन्हा सांगशील ना? ते हॅलो हॅलो म्हणत असताना?" ती कांद्याचं साल नखानं सोलत म्हणाली, "म्हणजे काय, ओरडून सांगीन. का ग?" मी म्हटलं, "काही नाही, सहज."

पण तो प्रश्न मी सहज विचारला नव्हता. कारण तोयबा हॅलो हॅलो म्हणाली होती. मला ते ऐकू येत होतं. मग मी का नाही ओरडले? मी मनाला सांगितलं, लाइन आधीच तुटली होती. पण तुटली होती तर तिचं 'बरं' कसं ऐकू आलं? गुरुवारी सकाळी बसमध्ये, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस रुमालाखाली घट्ट बांधलेले, मी एकीकडे आपलं हॉटेलात स्वागत आहे हे घोकत होते आणि दुसरीकडे त्या दिवसाचं एक एक आठवत होते. नको होतं मला आठवायला, पण थांबेना. ऑफिसबाहेरची रांग. हातातलं कॉलेजचं नवं ओळखपत्र, त्याचं प्लास्टिक अजून गरम. ओळखपत्रावरचा माझा फोटो. त्या दिवसापर्यंत मी लोकांची धुणी धुतली होती आणि तोयबा माझ्याहून चार वर्षांनी लहान असून तिकडे गेली होती, कारण घरात असं ठरलं होतं की थोरली अभ्यासात बरी आहे, तिनं शिकावं, धाकटी चलाख आहे, तिनं जावं. कुणी ठरवलं? आईनं. मी विरोध केला नाही. पहिलाच आठवडा होता कॉलेजचा.

परीक्षा प्राचार्यांच्या खोलीत होती. टेबलावर एक काळा फोन आणि शेजारी शिमेलिस सर, ज्यांना बोलायची परवानगी नव्हती. माझा नंबर अकरावा. आत जाऊन मी फोन उचलला. नैरोबीतल्या बाईचा आवाज जाड आणि घाईतला होता. गुड मॉर्निंग. तुम्ही मला ऐकू शकता का? यस, मी म्हटलं, इतक्या मोठ्यानं की सर दचकले. ती कधी पाहुणी झाली, कधी चिडलेला पाहुणा झाली, कधी नुसतीच बाई राहिली. खोलीत उशी कमी आहे म्हणाली, मी माफी मागितली. विमान चुकलंय म्हणाली, मी आणखी एक रात्र देऊ केली. दोन ठिकाणी मी अडखळले, एकदा चुकीचा शब्द वापरला आणि तोच रेटून नेला. पण कुठंही शांतता पडू दिली नाही. सर खिडकीकडे बघत होते आणि त्यांचा अंगठा टेबलाखाली वर झालेला मला दिसत होता. शेवटी बाई म्हणाली, मला सांगा, तुम्हाला ही नोकरी खरंच... आणि मी म्हटलं, यस! तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. ती हसली. तिला आवडलं ते. चांगलं आहे, ती म्हणाली, मला असाच माणूस पाहिजे. बाहेर येताना सरांनी दारापर्यंत येऊन माझ्या खांद्यावर थोपटलं. "झालं तुझं काम, मोमिना. असं यस मी अजून कुणाचं ऐकलं नाही." मी त्यांना धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. बाईचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं मी. स्वतःसाठी हो म्हणायला मला अर्धं वाक्य पुरलं होतं.

दुपारचा एक वाजून गेला होता, म्हणजे जेद्दातली म्हातारी आता झोपली असेल. मागच्या अंगणात निलगिरीखाली एक सिमेंटचा बाक आहे, तिथं बसून मी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला. "ताई? आई बरी आहे ना?" ईद नसताना फोन आला म्हणून घाबरली होती. मी म्हटलं, आई बरी आहे, माझी परीक्षा झाली, चांगली झाली, सर म्हणतात मिळेल. "अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली, मनापासून म्हणाली, आणि मग दबक्या आवाजात, "थांब, बाल्कनीत जाते." मी थांबले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांचं रेकॉर्डिंग, रिकाम्या जागा, वर्गाचं हसणं. "तोयबा, तू त्या दिवशी विचारलंस ना, येऊ का, मी हो म्हटलं होतं ग. श्वासानं म्हटलं. तो फोनमध्ये जातच नाही. तुला वाटलं असेल मी गप्प बसले. मी गप्प नव्हते बसले."

ती ऐकत होती. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता, तो मला ऐकू येत होता, म्हणजे लाइन चांगली होती.

"ताई, मला ऐकू आला होता," ती म्हणाली.

"काय?"

"श्वास. आपल्याच घरात वाढले ना मी? मला नाही ऐकू येणार? मी नळसुद्धा बंद केला होता, नीट ऐकू यावं म्हणून."

"मग हॅलो हॅलो का करत होतीस?"

"ते आधी. तू बोलेनास म्हणून. मी तीन-चारदा हॅलो म्हटलं. मग पुष्कळ वेळ गेला. बाहेर तो दार वाजवायला लागला. आणि मग आला तुझा श्वास." तिच्या आवाजात राग नव्हता. बस उशिरा आली हे सांगावं तसं सांगत होती. "म्हटलं, हिला हो म्हणायला एवढा वेळ लागतोय, तर घरी जाऊन हिच्यासमोर कसं बसायचं? म्हणून बरं म्हटलं आणि ठेवला."

मला नाकारता आलं असतं. दोन वर्षं आठ महिने मी हे स्वतःशी नाकारलंच होतं, आणि इतकं बेमालूम, की हॅलो आधी आणि श्वास नंतर हा साधा क्रमही मी उलटा लावून ठेवला होता. पण ती बाल्कनीत उभी होती, म्हातारी कोणत्याही क्षणी उठली असती, आणि मला वेळ नव्हता. मी म्हटलं, "ओळखपत्र होतं माझ्या हातात. नुकतंच मिळालं होतं. तू आलीस तर फी कुठून यायची, हाच विचार करत होते मी. तू न्हाणीघरात होतीस आणि मी हा विचार करत होते."

"माहीत आहे," तोयबा म्हणाली. "पहिला आठवडा होता तुझा."

माहीत आहे म्हणाली! मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, निदान गप्प बसेल. मी तोंडावर ओढणी दाबून धरली. पलीकडे वेल्डिंगवाली पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती आणि दात काढत होती. कराराचं विचारायचं होतं मला. सही केलीस का, करणार आहेस का, की येतेस? हे शब्द तोंडाशी आले होते. पण ते विचारलं की पुढं ती मला पुन्हा विचारणार, येऊ का, आणि मग मला उत्तर द्यावं लागणार. तेवढ्यात तीच म्हणाली, आणि आवाजात एकदम जुनी तोयबा होती, माझी वही पळवून शेजाऱ्यांच्या गोठ्यात लपणारी, "ए ताई, इंग्रजी बोल ना काहीतरी! एवढं शिकलीस, मला कधी ऐकवलंसच नाहीस. बोल. माझ्या घामाचं आहे ते."

"काय बोलू?"

"काहीही. मला कुठं कळतंय? नुसतं ऐकायचंय."

मी उभी राहिले. का कोण जाणे, पण बसून बोलवेना. "कम होम, तोयबा," मी म्हटलं. "कम नाउ. डोन्ट साइन. देअर इज प्लेस. आय वॉन्ट यू कम." एकदाही अडखळले नाही. कुठंही शांतता पडली नाही. रिसेप्शनवर शिकवतात तसा आवाज मोकळा, मान ताठ, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तीन वर्षांत इतकं चांगलं इंग्रजी मी बोलले नव्हते.

"वा!" तोयबा म्हणाली. ती हसत होती. "अगदी त्या टीव्हीतल्या बायकांसारखं बोलतेस की. म्हणजे काय त्याचा अर्थ?"

वेल्डिंगवाल्या पोरांपैकी एकाला कुणीतरी आतून हाक मारली आणि तो पळत गेला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई?"

"पाहुण्यांना म्हणतात तसं," मी म्हटलं. "हॉटेलात."

"छान वाटतं ऐकायला," ती म्हणाली, आणि म्हातारीनं आतून घंटी वाजवली म्हणून गेली.